इन्व्हेस्टमेंट बँकेतल्या माणसाचा मेल आयडी कसा काढायचा

इन्व्हेस्टमेंट बँकेतल्या कोणाशी मेलवर ओळख काढू पाहणारी मुलं पहिला प्रश्न विचारतात तो मेल आयडीच्या फॉरमॅटचा. "काका, गोल्डमनचा फॉरमॅट काय? जेपीचा काय?" फॉरमॅट हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. बहुतेक मोठ्या बँकांत तो एकच: नाव, टिंब, आडनाव, मग अ‍ॅट आणि बँकेचं डोमेन. गाडी अडते ती नावापाशी. माणूस लिंक्डइनवर जे नाव लावतो ते वेगळं असू शकतं आणि बँकेच्या एचआरच्या नोंदीतलं वेगळं. मेल आयडी बनतो तो एचआरच्या नोंदीवरून.

हे छातीठोक सांगतोय, कारण ऐरोलीत एका परदेशी बँकेच्या आयटी सपोर्टला मी बरीच वर्षं काढली. नवीन माणूस जॉइन होणार म्हटलं की एचआरकडून तिकीट, म्हणजे कामाची नोंद, यायची, त्यातल्या नाव-आडनावावरून सिस्टीम आपोआप आयडी बनवायची, आणि कुठे अडखळली की ते लोढणं आमच्या गळ्यात. बँकेचं नाव सांगत नाही, त्याने काही फरकही पडत नाही. सध्या भाची वाशीला बीएमएस करतेय. ती, तिच्या मैत्रिणी आणि आमच्या सोसायटीतली काही मुलं सारखी हेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. पत्ते इथे देवनागरीत लिहिलेत, टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत. अक्षरं मोठी की लहान याने काही बिघडत नाही. टिंबाने मात्र बिघडतं. जीमेलमध्ये टिंब गाळलं तरी चालतं, म्हणून सगळीकडे चालेल असं समजू नका. बँकेच्या सर्व्हरला टिंब म्हणजे टिंबच लागतं.

आधी डोमेन पक्कं करा

वेबसाइटचा पत्ता आणि मेलचं डोमेन एकच असेल असं धरून चालू नका. गोल्डमन सॅक्सची वेबसाइट पूर्ण नावाने आहे, पण मेल जीएस.कॉमवर चालतात. डॉइशे बँकेचं नुसतं डीबी.कॉम. मॉर्गन स्टॅनली मात्र पूर्ण लिहायचं, मॉर्गनस्टॅनली.कॉम. सिटीचं सिटी.कॉम, शेवटी आय, वाय नव्हे. बार्कलेज, नोमुरा, यूबीएस यांच्यात गोंधळ नाही, नावापुढे डॉट कॉम. जेपी मॉर्गनमध्ये इन्व्हेस्टमेंट बँकेतली मंडळी सहसा जेपीमॉर्गन.कॉमवर असतात, पण त्याच ग्रुपात जेपीएमचेस.कॉम आणि चेस.कॉमही आहेत. म्हणून समोरचा माणूस नक्की कुठल्या विभागात आहे ते आधी बघा.

आपल्याकडच्या बँकांत कोटकचं कोटक.कॉम, जेएम फायनान्शियलचं जेएमएफएल.कॉम, एसबीआय कॅपिटल मार्केट्सचं एसबीआयकॅप्स.कॉम. अ‍ॅक्सिस कॅपिटलची वेबसाइट अ‍ॅक्सिसकॅपिटल.को.इन, पण मेल अ‍ॅक्सिसकॅप.इनवर. वेबसाइट बघून मेल टाकणारा इथे हमखास आपटतो.

इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या याद्यांपासूनही जपून. बँक ऑफ अमेरिकाने मेरिल लिंच विकत घेतल्यावर, म्हणजे २००९ नंतर, बरीच वर्षं बीएएमएल.कॉम दिसायचं. आता बोफा.कॉम दिसतं. क्रेडिट स्विसचं डोमेन अजून कित्येक याद्यांत आहे. ती बँक जून २०२३ मध्ये यूबीएसमध्ये गेली. क्रेडिट स्विसच्या पुण्यातल्या ऑफिसातला कोणी तुम्हाला हवा असेल, तर तो आधी यूबीएसमध्ये टिकला की दुसरीकडे गेला, ते बघा. पत्त्याचं नंतर.

पुरावा फुकट मिळतो, सेबीच्या साइटवर

पैसे घेऊन फॉरमॅट सांगणारी टूल्स आहेत, त्यांतली काही महिन्याला थोडे शोध फुकट देतात. वापरा, हरकत नाही. पण आपल्या देशात एवढा मोठा खजिना उघड्यावर पडलाय आणि कोणी तिकडे ढुंकून बघत नाही, याचं मला नवल वाटतं.

कंपनी आयपीओ आणते, म्हणजे आपले शेअर पहिल्यांदा लोकांना विकायला काढते, तेव्हा तिला सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, कागदपत्रं द्यावी लागतात. या विक्रीलाच इश्यू म्हणतात. आधी मसुदा, म्हणजे डीआरएचपी, आणि इश्यू जवळ आला की आरएचपी. सेबीच्या साइटवर 'फाइलिंग्ज'मध्ये 'पब्लिक इश्यूज' उघडा, दोन्ही पीडीएफ तिथे मिळतात. पहिल्याच पानावर बुक रनिंग लीड मॅनेजर (इश्यूचं काम सांभाळणारे) म्हणून इन्व्हेस्टमेंट बँकांची नावं, संपर्क व्यक्ती, फोन आणि ई-मेल असतो. आत 'जनरल इन्फर्मेशन' नावाचं प्रकरण असतं, त्यात हेच पुन्हा, पूर्ण पत्ता आणि वेबसाइटसकट.

आता नीट बघा. लीड मॅनेजरच्या नावापुढचा मेल आयडी बहुतेक वेळा माणसाचा नसतो. कंपनीचं नाव, टिंब, आयपीओ, अ‍ॅट बँकेचं डोमेन, अशी ती त्या इश्यूपुरती सामायिक पेटी असते. ती टीममधले बरेच जण बघतात आणि तिथे गुंतवणूकदारांच्या तक्रारी येऊन पडतात. तिथे स्वतःची ओळख करून देणारा मेल टाकायचा नाही. त्या ओळीतून घ्यायचं ते फक्त डोमेन.

फॉरमॅट हवा असेल तर त्याच प्रकरणात पुढे जा: सिंडिकेट मेंबर, एस्क्रो बँक, स्पॉन्सर बँक, म्हणजे इश्यूच्या कामात हातभार लावणारे ब्रोकर आणि बँका. इथे बऱ्याचदा खऱ्या माणसांचे आयडी छापलेले असतात, नाव शेजारीच. म्हणजे नाव कसं लिहिलंय आणि त्याचा आयडी कसा बनला, दोन्ही एका नजरेत. मात्र यासाठी डीआरएचपी उघडून उपयोग नाही. त्यात या बँका अजून ठरलेल्याच नसतात आणि जागोजागी चौकटी कंसात एक काळा ठिपका असतो. आरएचपीत त्या जागा भरलेल्या मिळतात. भाचीने डीआरएचपी उघडून "मामा, इथे तर नुसते ठिपकेच आहेत" म्हणून फोन केला होता, म्हणून मुद्दाम सांगतोय.

दुसरी जागा म्हणजे शेअर बाजाराच्या साइट्स. लिस्टेड कंपनी तिमाही निकालांनंतर अ‍ॅनालिस्टांशी कॉल ठेवते, त्याचं आमंत्रण बीएसई-एनएसईवर टाकते. कॉलचं यजमानपद एखाद्या ब्रोकरेजकडे असतं, आणि खाली त्यांच्या माणसाचं नाव, फोन, मेल आयडी असतो. ब्रोकरेजच्या रिसर्च रिपोर्टांच्या पहिल्या पानावरही अ‍ॅनालिस्टचं नाव आणि आयडी छापतात. परदेशी बँकांसाठी त्यांच्या प्रेस रिलीजचा शेवट बघा, तिथे माध्यम-संपर्क असतो.

गूगलवर डोमेन अवतरणचिन्हात टाकून पुढे 'फाइलटाइप:पीडीएफ' लिहिलं की यातलं बरंच एका फटक्यात समोर येतं. एका बँकेचे तीन वेगवेगळ्या माणसांचे आयडी मिळाले आणि तिन्ही एकाच साच्यातले असले, की फॉरमॅट झाला. एकावर विसंबू नका. तो नेमका अपवाद निघू शकतो.

आणि ऐरोली, घणसोली, ठाण्याकडे राहणाऱ्यांना आणखी एक मार्ग आहे, ज्याचा बाकीच्या देशाला हेवा वाटावा. आपल्या प्रत्येक सोसायटीत कोणी ना कोणी परदेशी बँकेच्या ऑपरेशन्सला किंवा टेक्नॉलॉजीला असतंच. तो इन्व्हेस्टमेंट बँकर नसेल, पण डोमेन आणि साचा बहुधा तोच. त्याला गाठा आणि एवढंच विचारा: "दादा, तुमचा स्वतःचा ऑफिसचा आयडी कसा लिहितात?" दुसऱ्या कोणाचा आयडी डिरेक्टरीतून काढून द्या, असं सांगू नका. आतली डिरेक्टरी बाहेर देणं त्याच्या नोकरीवर बेतू शकतं, आणि बँकेत कोणी काय उघडलं त्याची नोंद राहते.

नाव: खरी डोकेदुखी

समजा, तुम्हाला एका पूजा पाटील यांना लिहायचंय. साचा माहीत आहे, डोमेन माहीत आहे. पूजा.पाटील अ‍ॅट अमुक. झालं?

नाही झालं. मोठ्या बँकेत पूजा पाटील एक नसतात. पहिली आली तिला सरळ आयडी मिळतो. दुसरी आली की सिस्टीम म्हणते, हा आयडी गेला, पुढचा घ्या. पुढचा म्हणजे काय, हे प्रत्येक बँकेचं वेगळं. कुठे शेवटी आकडा लागतो, पाटील२ असा. जेपी मॉर्गनमध्ये मधल्या नावाचं अक्षर घातलेले आयडी भरपूर दिसतात: नाव, टिंब, एक अक्षर, टिंब, आडनाव. डॉइशे बँकेत नावाला हायफन लावून एक अक्षर जोडलेलं दिसतं, मग टिंब आणि आडनाव. सिटीत काही आयडी नावाचे नसतातच, दोन अक्षरं आणि पुढे आकडे. असा आयडी अंदाजाने काढता येत नाही. नादी लागू नका.

म्हणून पहिली गोष्ट: ज्याचं नाव-आडनाव दोन्ही सर्रास आढळणारं, त्याच्या बाबतीत अंदाज कमी पक्का. सचिन पाटील, राहुल शर्मा, स्नेहा जोशी अशांना थेट मेल करण्याऐवजी लिंक्डइनवर दोन ओळी टाका. आडनाव वेगळं असेल, समजा हडकर किंवा टिपणीस, तर सरळ साचा बिनधास्त वापरा. मधल्या अक्षरासाठी कोणाच्या वडिलांचं नाव खणत बसू नका. एका मेलसाठी एवढी चौकशी बरी दिसत नाही.

मग स्पेलिंग. आपल्या नावांचं रोमन स्पेलिंग ज्याचं त्याने ठरवलेलं असतं. दीपकमध्ये दोन ई की एक आय? पूजात दोन ओ की एक यू? अक्षयमध्ये केएसएच की एक्स? ज्ञानेश्वर मराठी माणूस डी-एनने लिहितो, हिंदी भाषक जी-वायने. चौधरीची तर मी इतकी रूपं पाहिलीत की मोजायची सोडून दिली. स्पेलिंग घ्यायचं ते माणसाने स्वतः लिहिलेलं: त्याच्या प्रोफाइलवरून, कॉन्फरन्सच्या वक्त्यांच्या यादीतून, आरएचपीतून. बातमीत छापलेल्यावर विश्वास नको.

लिंक्डइनवर आणखी एक बघा. प्रोफाइलच्या लिंकमध्ये जे नाव असतं, ते खातं उघडतानाचं असतं, आणि पुष्कळ लोक ते पुढे कधी बदलत नाहीत. वर आडनाव देशमुख आणि लिंकमध्ये राणे दिसलं, तर लग्नानंतर आडनाव बदललेलं असण्याची शक्यता मोठी. बँकेत तिने ते बदलून घेतलं का? अर्ज, नवं पॅन, नवा पासपोर्ट, सगळं लागतं, म्हणून कित्येक जणी घेत नाहीत. ज्या घेतात, त्यांचा जुना आयडी बऱ्याचदा नव्याला जोडून ठेवलेला असतो, म्हणजे जुन्यावर टाकलेला मेलही पोचतो. अशा वेळी बँकेत रुजू झाली तेव्हाचं आडनाव आधी वापरा.

आता खास आपल्याकडचा घोळ. दहावीच्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव असतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. फॉर्म भरणारा ते पाहून तसंच्या तसं उतरवतो, आणि रोहितचं आडनाव 'फर्स्ट नेम'च्या रकान्यात जाऊन बसतं. आयडी तयार होतो कदम.रोहित. असे उलटे आयडी मी स्वतः बघितलेत. बदलून घ्यायला मॅनेजरची मंजुरी, एचआरची दुरुस्ती, मग आमचं तिकीट, एवढं रामायण असल्याने लोक वर्षानुवर्षं तसंच चालवतात. वडिलांचं नाव आडनावाच्या जागी गेलेलेही असतात. दक्षिणेकडच्या सहकाऱ्यांत हे जास्त, कारण त्यांच्यात आडनाव नसतंच कित्येकदा, आणि सिस्टीमला तो रकाना रिकामा चालत नाही.

एजन्सीमार्फत आलेल्या कंत्राटी लोकांना काही ठिकाणी वेगळ्या धाटणीचा आयडी देतात. तुम्हाला भेटायचंय ते सहसा कायम नोकरीतले असतात, म्हणून यात शिरत नाही.

पाठवताना

भाचीने एका माणसासाठी डझनभर शक्यता लिहून काढल्या होत्या. "मामा, सगळ्याच बीसीसीत टाकते ना. एक तरी लागेल."

"आणि उरलेल्यातला एखादा दुसऱ्याच कोणाला लागला तर?"

"तर काय, तो डिलीट करेल."

डिलीट करेल किंवा 'संशयास्पद' म्हणून बटण दाबेल. बँकेच्या गेटवेवर, म्हणजे बाहेरून येणारे मेल तपासणाऱ्या यंत्रणेवर, एकाच पाठवणाऱ्याकडून एकाच वेळी अर्धा डझन नसलेल्या पत्त्यांवर मेल येतात, तेव्हा तो प्रकार पत्ते चोरायला बसलेल्या भामट्यांसारखाच दिसतो. मग तुमचा जीमेल तिथे अडवला जाऊ शकतो, आणि पुढे बरोबर पत्ता मिळाला तरी काही पोचत नाही. माझा नियम असा: एका माणसासाठी एक पत्ता, तो बाउन्स झाला, म्हणजे मेल परत आला, तर दुसऱ्या दिवशी दुसरा, आणि तिथे थांबायचं.

पाठवण्याआधी पत्ता तपासून देतो म्हणणाऱ्या साइट्स आहेत. त्या बँकेच्या सर्व्हरला मेल न पाठवता नुसतं विचारतात, हा पत्ता आहे का. गेटवरच्या वॉचमनला "तीनशे दोनमध्ये जोशी राहतात का?" विचारण्यातला प्रकार. बँकांचे वॉचमन एक तर कोणालाच उत्तर देत नाहीत किंवा सगळ्यांना हो म्हणतात. त्यामुळे त्या साइटवर हिरवी खूण आली म्हणून नाचू नका.

बाउन्स मात्र नीट वाचा. मजकूर इंग्रजीत आणि रटाळ असतो, पण त्यात एक आकडा असतो. ५५० आणि ५.१.१ दिसलं, तर या नावाची पेटी नाही, पत्ता चुकला. ५.७.१ असेल तर पत्ता कदाचित बरोबर आहे, पण धोरणानुसार तुमचा मेल नाकारलाय. अशा वेळी बहुधा अटॅचमेंट किंवा लिंक नडते. साधा मजकूर करून पुन्हा एकदा पाठवा. चारने सुरू होणारा आकडा असेल तर अडचण तात्पुरती, जीमेल स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो, तुम्ही हात लावू नका. बाउन्स आलाच नाही तर? मेल पोचला असेल, किंवा गेटवेने गुपचूप गिळला असेल. बाहेरून कळायला मार्ग नाही.

मेलमध्ये काय

यावर लोक पुस्तकं लिहितात. मी आयटीवाला, मला एवढंच कळतं की गेटवेतून काय सुटतं. ड्राइव्हची लिंक टाकू नका, बँकेच्या कॉम्प्युटरवर ती बहुतेक उघडतच नाही. पहिल्या मेलला सीव्ही जोडू नका, मागितला तर छोटा पीडीएफ द्या. कोणी मेल उघडला ते कळवणारी ट्रॅकिंगची खेळणी लावू नका.

मजकूर फोनच्या एका स्क्रीनमध्ये मावला पाहिजे: तुम्ही कोण, कुठे शिकता, त्यांच्याकडेच का आलात, आणि पंधरा मिनिटं बोलायला मिळतील का. 'त्यांच्याकडेच का' हे वाक्य खरं असायला हवं. आरएचपी चाळलंच आहे तर ते इथे कामाला येतं. अमुक इश्यूचं कागदपत्र वाचलं, त्यातली इश्यूच्या किमतीला आधार काय, ती मांडणी कळली नाही, असं लिहिणाऱ्याला उत्तर मिळायची शक्यता वाढते. मात्र चालू असलेल्या किंवा येऊ घातलेल्या व्यवहाराबद्दल अवाक्षर विचारू नका. इनसायडर ट्रेडिंगचे, म्हणजे आतली माहिती वापरून शेअरचे व्यवहार करण्याविरुद्धचे, नियम कडक आहेत, बँकेतला प्रत्येक मेल साठवला जातो, आणि तुमच्या भाबड्या प्रश्नावरून त्या माणसाला कंप्लायन्सला, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागाला, उत्तर द्यावं लागेल. याच कारणाने मराठी माणूस दिसला म्हणून घरगुती गप्पा मेलवर नकोत. त्या फोनवर, आणि त्याने सुरू केल्या तर.

वेळ बघा. सेल्स-ट्रेडिंगवाल्याला सव्वानऊ ते साडेतीन बाजार चालू असताना मेल करून काय उपयोग? सकाळी आठच्या आत टाका. डील करणाऱ्या बँकरचा दिवस रात्री उशिरापर्यंत चालतो, त्याला कधीही चालतं, फक्त सोमवार सकाळ सोडा.

उत्तर नाही आलं तर आठवडाभराने एकच आठवण. त्याच धाग्यात, दोन ओळींत. त्यानंतर विषय बंद. त्याचा खासगी जीमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप नंबर कुठून मिळवून तिथे लिहू नका. आणि जमवलेल्या आयडींची यादी करून मित्रांच्या ग्रुपवर टाकू नका. २०२३ पासून आपल्याकडे वैयक्तिक डेटाचा कायदा आहे, ते एक. दुसरं म्हणजे एकाच बँकरला एकाच कॉलेजमधून एकसारखे वीस मेल गेले, की त्या कॉलेजचं नाव वाचूनच तो पुढचे उडवतो.

कधी कधी 'मी रजेवर आहे' असं आपोआप उत्तर येतं. मुलं हिरमुसतात, पण ही चांगली बातमी आहे. पत्ता बरोबर असल्याचा याहून पक्का पुरावा नाही. बऱ्याचदा खाली पूर्ण सही असते: नावाचं खरं स्पेलिंग, हुद्दा, विभाग. माझ्याऐवजी यांना संपर्क करा, म्हणून एका सहकाऱ्याचा आयडीही असतो. तो कामाच्या माणसांसाठी असतो, तुमच्यासाठी नाही, पण फॉरमॅटचा आणखी एक नमुना म्हणून बघून ठेवा. मूळ माणूस परत यायची तारीख लिहून घ्या आणि त्यानंतर दोन दिवस सोडून आठवण पाठवा, कारण पहिले दोन दिवस तो साचलेले मेल उपसत असतो. उत्तरात 'या व्यक्तीने बँक सोडली आहे' असं आलं, तर लिंक्डइनवर नवी बँक बघा आणि पुन्हा डोमेनपासून सुरू करा.